भूगोलाची नोटीस

ओजस, तू विचारलंस, इथे जेवायचं कुठे.
'स्वस्तात' हा शब्द तू लिहिला नव्हतास,
पण प्रश्नाच्या शेवटी तीन टिंबं होती.
ती मी वाचली.

डंडी लहान गाव. वारा मोठा.
टे नदीवरून तो चढून येतो
आणि पर्थ रोडवरच्या एवढ्या गर्दीत
नेमकं नव्या माणसाचं तोंड शोधतो.
म्हणून आधी दार ठरव, मग पदार्थ.

लायब्ररीखालच्या कॅन्टीनमध्ये
सूपचं नाव रोज बदलतं.
चव तीच, मसुराच्या आमटीची,
फोडणी द्यायची राहून गेलेल्या.
पण पाव दुसऱ्यांदा मागितला तर देतात
आणि लोणी मोजत नाहीत.

चढावरचं नवीदचं चिप्सचं दुकान रात्री दोनपर्यंत.
तो माझ्याशी त्याच्या आजीची पंजाबी बोलतो,
मी त्याच्याशी माझं इंग्रजी,
आणि दोघांनाही वाटतं,
आपण समोरच्यावर उपकार करतोय.
व्हिनेगर जपून. त्याचा हात सैल आहे.

पबमध्ये जायला लाजू नकोस.
नळाचं पाणी फुकट मिळतं, मागितलं की देतात.
अर्ध्या पिंटवर मी चार-चार तास काढलेत,
संख्याशास्त्राची अख्खी असाइनमेंट त्या ओल्या टेबलावर.
मंगळवारी तेवढं जाऊ नकोस, क्विझ असते,
एकट्या माणसाला उठवतात.

बुधवारी चर्चच्या तळघरात पौंडाला ताट.
मोराग म्हणून बाई आहेत, धर्माचं काही काढत नाहीत.
वाढता वाढता एवढंच विचारतात,
आईला फोन केलास का?
खोटं बोलू नकोस. त्यांना कळतं,
आणि मग बटाटा जास्त वाढतात,
तो जास्तीचा बटाटा गिळायला फार जड जातो.

पहिल्या महिन्यात मी प्रत्येक पाटीला शंभरने गुणायची.
चहा अडीचशे. केळं तीस.
गुणाकार झाला की घसा आपोआप लहान व्हायचा.
नोव्हेंबरात दुकानातली शिफ्ट गेली
आणि गुणायलाही काही उरलं नाही.

आता जे सांगते ते कुठल्या पत्रकात छापलेलं नाही.

भूगोल विभाग, तिसरा मजला.
दर गुरुवारी एक ते दोन व्याख्यान,
नंतर पॅन्ट्रीत उरलेले सँडविच.
मी भूगोलाची नव्हते.
दोनला दहा कमी असताना मी तिथे उभी राहून
नोटीस बोर्ड वाचायची.
हिमनद्यांबद्दल मला आज जे काही येतं
ते सगळं त्या बोर्डावरचं.

चौथ्या गुरुवारी पॅन्ट्रीच्या कट्ट्यावर
एक बशी वेगळी ठेवलेली.
चिकनचे काढून टाकलेले,
चीजचे दोन, अंड्याचे दोन, वर कागदी रुमाल,
रुमालावर बॉलपेनने:
'नोटीस वाचणाऱ्यांसाठी'.
बाहेर शिपाई गेडिस किल्ल्यांचा जुडगा घेऊन
खिडकीतून वाहनतळ बघत होते.
वाहनतळात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

अंडं मी त्या दिवसापासून खाते.
घरी अजून सांगितलेलं नाही.

गेडिस मार्चमध्ये निवृत्त झाले.
निरोपाच्या दिवशी मी त्यांना थँक यू म्हणणार होते,
पण ते म्हणाले, हिमनद्या कशा आहेत?
मी म्हटलं, मागे सरकतायत.
तेवढंच बोलणं झालं.

आता त्या विभागात मी आठवड्याला दहा तास काम करते.
व्याख्यानाच्या खाण्याचा फॉर्म माझ्याकडे असतो.
माणसं येतात बारा. मी लिहिते एकवीस.
हिशेबातल्या फियोनाने दोनदा विचारलं.
भूगोलाला भूक फार लागते, म्हटलं.

तर गुरुवारी ये, दोनला दहा कमी.
जिना डावीकडचा घे, लिफ्ट आवाज करते.
बोर्डावर सध्या वाळूच्या टेकड्यांचं काहीतरी लावलंय,
बारीक अक्षरात, दोन पानं.
सावकाश वाच.